किन्हवलीचं घर

"मॅडम आली की दुधाचा चा, आमाला मेला कायम कोरा!" घरात सोबत राहणारी ठमी शेगडीपाशी पुटपुटली.

सकुबाई नुसतीच हसली. डोकं फिरलं म्हणून घरच्यांनी टाकलेली, शहापूरच्या एसटी स्टँडवर वर्षं काढलेली ही बाई, एका संस्थेने अशा बायांसाठी किन्हवलीत घेतलेल्या या भाड्याच्या घरात आली आणि पुन्हा माणसांत बसायला लागली. रविना मॅडम संस्थेच्या संशोधन-अभ्यासासाठी प्रश्न विचारायची, अन् सकुबाई लेकीला सांगावं तसं मनातलं सगळं सांगायची.

आज मॅडमने चहाला हात लावला नाही. सोबतचे संस्थेचे साहेबही खिडकीबाहेरच बघत राहिले.

"काय झालं गो पोरी?"



"हे घर सोडावं लागेल, मावशी. अभ्यास संपला, आता भाड्याचे पैसे येणार नाहीत. घर मिळालं की माणूस सावरतो, हे तुमच्यामुळे सिद्ध झालं."