चौथा धडा

कोर्सबार्न या ऑनलाइन शिकवण्यांच्या संकेतस्थळाने डाल्टन हॅव्हरकॅम्पचा कोर्स काढून टाकला. सकाळी तसा ईमेल आला. पाठोपाठ दुसरा आला: आधीचा चुकून गेला, तो आलाच नव्हता असं समजावं; दुपारी तीनला आमचे परीक्षक फोन करतील, निर्णय त्यानंतर.

डाल्टनने तसंच समजायचं ठरवलं. काही आलंच नव्हतं, तेव्हा वाईट वाटून घ्यायचं कारणही नव्हतं. तरी वाटत होतं. त्याने कॉफी ओतली, प्यायला विसरला, आणि ती गार झाल्यावर दुसरी ओतली.

इस्पितळातली नोकरी गेल्यापासून हा कोर्स हाच त्याचा एकुलता एक उद्योग. सहा धडे, सगळे त्याच्याच आवाजात, तळघरात, आवाज घुमू नये म्हणून रजया टांगून रेकॉर्ड केलेले. घ्यायला लोक घेत होते. पण तिसऱ्या धड्याच्या पुढे आजवर एकही माणूस गेला नव्हता. आणि कोर्सबार्नचा नियम असा, की शेवटची परीक्षा कुणीच देत नसेल तर कोर्स निरुपयोगी.

"चौथा धडा माझा सगळ्यात चांगला आहे गं," तो म्हणाला.

"असेल की. लाजाळू आहे बिचारा, चारचौघांत येत नाही," कोरीन म्हणाली. ही त्याची थोरली बहीण. डब्यूक गावातल्या शाळेच्या बसगाड्या वेळेवर सोडायचं काम करायची. सकाळची पाळी आटपून ती त्याच्या स्वयंपाकघरात टूना मासा घालून भाजलेलं कॅसरोल भांड्यातूनच खात बसली होती. "मी म्हणते, सरळ स्किलसायलोवर जा ना. तिथे परीक्षाबिरीक्षा नाही. लोक जितकी मिनिटं बघतील तितके पैसे."

"होतो तिथे. उन्हाळाभर."

"मग?"

"दर दहा मिनिटांनी घंटी वाजते. 'अजून बघताय ना?' बटण दाबलं नाही तर मिनिटं धरत नाहीत."

"दाबायचं मग. बोटं मोडलीत का लोकांची?"

"कुणी दाबत नाही. शिव्या घालतात. एका बाईने लिहिलं, शिक्षक देवमाणूस आहे, फक्त घंटी वाजवणाऱ्याचा पत्ता कळवा."

तीनला फोन वाजला. परीक्षकाचं नाव ब्रेडन ट्रॉस्ट. आवाज कोवळा, पण धुऊन धुऊन विटलेल्या टॉवेलसारखा.

"मिस्टर हॅव्हरकॅम्प, सकाळपासून कोर्सच बघतोय हो मी. युकुलेले झालं, आयकर झाला, कोंबड्या झाल्या. आता तुमचा. तिसरा आणि चौथा धडा सलग बघतो. लोक का पळतात ते कळेल. पटलं तर 'ठेवा' दाबतो. चारच्या आत दाबायला हवं, नाहीतर सिस्टीम आपोआप काढून टाकते. फोन चालू ठेवा. नाव काय म्हणालात? हां. 'गाढ झोप कशी लागते'. चला."

फोनमधून डाल्टनचाच आवाज येऊ लागला. खांदे सैल सोडा. जबडा सैल सोडा. जीभ जिथे पडेल तिथे पडू द्या.

थोड्या वेळाने त्यात आणखी एक आवाज मिसळला. संथ, भरदार, मध्येच शिट्टी घालणारा.

"मेला झोपला!" कोरीन कुजबुजली.

डाल्टन कान देऊन ऐकत राहिला. इस्पितळाच्या झोप तपासणाऱ्या विभागात तो हेच करायचा: काचेपलीकडे झोपलेली माणसं बघत बसणं. तिथे कोण झोपलं ते डोक्याला लावलेल्या तारा सांगायच्या. इथे पडद्यावर प्रत्येक विद्यार्थ्यापुढे फक्त 'सोडून गेला' एवढंच दिसायचं. गेले कित्येक महिने तो त्या दोन शब्दांवर विश्वास ठेवून बसला होता.

"कोणी पळालंच नाही गं," तो म्हणाला.

"ते नंतर! ओरड, उठव त्याला! चार वाजत आलेत!"

"झोपलेल्याला उठवायचं नसतं, कोरीन."

"तुझा कोर्स जाईल, गाढवा!"

"एकदा विभागात आग लागली होती. तेव्हाही आम्ही आधी विचारलं, किती मोठी आहे."

तेवढ्यात चौथा धडा सुरू झाला. तो खरोखरच उत्तम होता. कोरीन त्याच्यावर ओरडायला उठली, ओरडायच्या आधी तिने जांभई दिली, आणि कॅसरोल बाजूला सरकवून टेबलावर डोकं टेकलं.

चार वाजता ईमेल आला. परीक्षकांकडून प्रतिसाद न मिळाल्याने कोर्स कायमचा काढण्यात आला आहे. हरकत असल्यास अर्ज करावा.

डाल्टनने फोन उशीवर ठेवावा तसा अलगद टेबलावर ठेवला. ब्रेडन अजून घोरत होता. मग त्याने बटणांचा आवाज होऊ न देता, एका बोटाने अर्ज लिहिला:

"विषय: 'कोर्स पूर्ण केला' या शब्दांचा अर्थ बदलण्याबाबत. महोदय, तिसऱ्या धड्यात झोपी गेलेल्या सर्व विद्यार्थ्यांना, आपल्या परीक्षकांसह, विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण समजण्यात यावे, आणि त्यांची प्रमाणपत्रे, पावलांचा आवाज न करता, प्रत्येकाच्या उशाशी ठेवण्यात यावीत, ही नम्र विनंती."