आतली खोली तेवढी राहिली

"आमचे हे खाली गाडीत आहेत," तिने दारातच सांगून टाकलं. "वर यायचा कंटाळा करतात."

"बोलवा ना त्यांना. चहा टाकतो," घरमालक म्हणाला.

"नको हो. चहाने त्यांना पित्त होतं."

"आमच्या हिलाही," तो म्हणाला, आणि आतल्या बंद दाराकडे बघत त्याने आवाज खाली आणला. "बरं नाहीये तिला, आत्ताच डोळा लागलाय. जरा हळू बोलू."

घर बघून त्याची किंमत बँकेला कळवणं, हे तिचं काम. लोकांना वाटतं, त्यात काय मोठंसं, चार भिंती मोजायच्या आणि आकडा टाकायचा. पण भिंतींच्या आत माणसं असतात, आणि ती कशी निघतील ते बाहेरून कळत नाही. एका घरी मालकाने तिच्यामागे कडी लावून दारापुढेच खुर्ची टाकली होती आणि 'एवढी घाई कसली' म्हणत हसत बसला होता. एका घरी कुत्रा मुद्दाम सोडला होता. एका घरी तिने न्हाणीघराचं दार उघडलं, तर आत अंधारात एक म्हातारा उभा. घरचे म्हणाले, "ते असतात तिथे. तुम्ही मोजा."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. घरात बाईमाणूस आहे ना, हे ती आता वेळ ठरवतानाच विचारून घेई. आणि आपल्यामागेही कुणीतरी आहे, हे पोहोचल्या पोहोचल्या सांगून मोकळी होई.

तिने बैठकीची खोली मोजली. तो दोन पावलं मागे राहून बघत होता.

"तुमचे मिस्टर एवढा वेळ बसून वैतागत नाहीत?"

"छे! सीट मागे पाडतात आणि घोरतात. काचा वाजतात गाडीच्या."

तो पहिल्यांदाच हसला. "ही भिंतीकडे तोंड करून झोपते. पांघरूण सगळं स्वतःकडे ओढते. मी आपला काकडत असतो."

"ह्यांना तर पांघरूणच लागत नाही. वर पंखा पाचवर. बोलायची सोय नाही."

बोलता बोलता तिलाही हसू आलं. कामाच्या ठिकाणी ती असं बोलत नसे, पण नवऱ्याचा विषय निघाला की तिला बरं वाटे.

स्वयंपाकघरात मात्र तिचं हसू मावळलं. ओट्यावर एकच कप पालथा घातला होता. न्हाणीघरात एकच टॉवेल, एकच ब्रश. आजाऱ्याच्या घरात औषधाची एखादी बाटली तरी नजरेला पडतेच, ती कुठेच नव्हती. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"काय होतंय त्यांना?"

"जुनंच आहे," तो म्हणाला. "दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं."

"आतली खोली तेवढी राहिली आता."

"ती अंदाजाने नाही लिहिता येणार? स्वयंपाकघराएवढीच आहे."

नाही लिहिता येणार. घाबरून अर्धवट सोडलेल्या घरांचे तिचे दोन अहवाल याच महिन्यात परत आले होते. आणखी एक आला तर दुसरं कुणीतरी बघू, असं बँकेच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. दुसरं काम तिला येत नव्हतं, आणि या वयात कोण देणार होतं?

"मी उंबऱ्यातूनच बघते," ती म्हणाली. "तुम्ही ताईंना हाक मारा."

तो आतल्या आणि बाहेरच्या दाराच्या मधोमध उभा होता. हलला नाही.

"मारा ना हाक."

"नाही मारता येत."

भिंतीकडे तोंड करून पडलेली, न हलणारी बाई तिच्या डोळ्यांपुढे आली. भिंतीला घासत ती बाहेरच्या दारापर्यंत सरकली आणि तिने कडीला हात घातला.

"जाऊ नका," तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "आत कोणी नाही. जाऊन दोन वर्षं झाली तिला. तुम्ही फोनवर विचारलंत, घरात बाई आहेत का. नाही म्हटलं असतं तर तुम्ही आला नसतात. आणि मला हे विकायचंय हो. घर खायला उठतं."

तिने आतल्या बंद दाराकडे पाहिलं.

"तोंडातून निघून गेलं, आत झोपलीय म्हणून," तो म्हणाला. "मग बरंच वाटायला लागलं."

खरं की खोटं? ज्याच्या मनात काळंबेरं असतं तोही असाच रडवेला होतो. तिचा हात कडीवरून निघेना. ते त्याच्याही लक्षात आलं असावं. तो लांबून वळसा घालून आला, दार सताड उघडलं आणि स्वतःच बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिला.

"मिस्टरांना वर बोलवा. दोघं मिळून खोली बघा. मी इथून हलत नाही."

"राहू दे. मी बघते."

"एकटीने नको. घाबरलायत तुम्ही, आणि माझ्यामुळे. मीच आणतो त्यांना. कुठली गाडी?" तो दोन पायऱ्या उतरलासुद्धा.

"थांबा!" तिने घाईघाईने पर्समधून फोन काढून कानाला लावला. "अहो, जरा वर या. हो, चौथा मजला, डावीकडचं दार. नाही, झालं काही नाही. या तुम्ही."

तो थांबला. त्याचा चेहरा सैल झाला. कठड्यावरून वाकून तो खाली बघू लागला. "येतायत ना?"

"निघाले," ती त्याला म्हणाली, आणि पुन्हा फोनमध्ये, "सावकाश चढा हो, गुडघा सांभाळून..."

एवढ्यात तिच्या कानाला लावलेला फोन वाजू लागला.