सुनेचा पदर

सकाळी सुनेच्या सुजलेल्या गालावर पदर राहेलबाईंनीच ओढून दिला होता. "झाकून घे गं. देवळात घराण्याची शोभा व्हायला नको."

आता रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब जगातल्या दुष्टाईवर तावातावानं बोलत होते, आणि सुनेशेजारी बसलेल्या राहेलबाईंना बाकावर काटे टोचत होते. जगात कशाला जायचं? दुष्टाई तर त्यांनीच घरात पोसली होती.

प्रभुभोजनाचा द्राक्षारसाचा प्याला घेऊन मंडळीचा पंच समोर आला. त्यांचाच शमुवेल.

"घे ना आई, लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत. ज्या हातानं बायकोला मारलंस, त्या हातचा मी पिणार नाही." आवाज पार दारापर्यंत गेला.

"आई, देवळात आहोत आपण!"

"म्हणून तर बोलतेय, मेल्या! घरात जीभ रेटली नाही माझी."

आणि सुनेचा पदर त्यांनी स्वतःच्या हातानं मागे सारला.