कोरडे राळे

माझ्या थोरल्या मुलीचं लग्न झालं, त्या वर्षी जेजू बेटावरच्या आमच्या समुद्राचा तळ पांढरा पडला. किनाऱ्यावरच्या मत्स्यशेतांचं घाण पाणी त्यात उतरत होतं. शेवाळ गेलं, मागोमाग शंख-शिंपले गेले. आम्ही बुड्या मारणाऱ्या बाया रिकाम्या पिशव्या घेऊन वर यायचो.

वसंतातल्या पूजेला रीतीप्रमाणे आम्ही समुद्रात राळे पेरले. आमच्याकडे तेच शिंपल्यांचं बी.

सकाळी सगळे दाणे धक्क्यावर पडलेले दिसले, अगदी कोरडे.

"वाऱ्याने आले असतील," मी म्हटलं.

"वारा काय दाणे वेचून आणतो होय गं?" माझी नणंद मालसुन म्हणाली.

आम्ही पुन्हा पेरले. या वेळी ते मालसुनच्या उंबऱ्याशी सापडले.

"समुद्र घेत नाही, तर मीच तळाशी ठेवून येते. नाहीतर पुढच्या वर्षी खायचं काय, दगड?"

"वन्सं, नका जाऊ."

"तू भात लाव. तोवर येते."

मुठीत राळे आवळून तिने बुडी मारली. आम्ही धक्क्यावर पाण्याकडे बघत उभ्या राहिलो.

आमच्या पाठीमागे, कोरड्या फरशीवर, दाणे टपटपू लागले. एकीनेही मागे वळून पाहिलं नाही.

त्याच दुपारी, पूजेनंतरच्या अमावास्येला, मालसुन बुडून वारली.