दार लावण्याचा शॉट

"परत वर या, बाबा. तिसऱ्यांदा, बस," लव्हिनियाने कॅमेऱ्यामागून हाक मारली.

धक्क्याच्या वाटेला लागलेले अ‍ॅम्ब्रोज पार्डी थांबले. "किती वेळा घर सोडायला लावशील, पोरी? सरकारलासुद्धा एकदाच सोडून हवंय."

तरी ते चढ चढून आले. खिळ्याला अडकवलेली किल्ली काढली, कुलूप उघडलं, आत जाऊन सवयीने टोपी खुंटीला लावली, आणि दार लोटून घेतलं.

लव्हिनियाचा जीव थाऱ्यावर नव्हता. न्यूफाउंडलंडच्या या बेटावरचं गाव सरकारने उठवलं होतं, आणि चारच्या बोटीनंतर इथे बोट येणार नव्हती. तिचा हा पहिला सिनेमा, नऊ मिनिटांचा. त्याचा शेवट म्हणजे बाबांचं घराबाहेर पडणं. आठवडाभर तिने वहीत चौकटी काढल्या होत्या. कॅमेरा ट्रायपॉडवर, हलवायचा नाही. माणूस चौकटीतून निघून जाईल, दार तेवढं राहील. चित्रण चालू असतानाचा लाल दिवा खिडकीच्या काचेत चमकू नये म्हणून सिनेमाच्या वर्गात शिकवल्याप्रमाणे त्यावर काळी चिकटपट्टी लावली होती. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ऊन मारत होतं, पण चौकट दिसत होती. धुकं मात्र समुद्रावरून सरकत येत होतं.

तिने बटण दाबलं. "चला."

बाबा बाहेर आले. दार ओढलं, कुलूप घातलं. या खेपेला त्यांचा तळहात दाराच्या फळीवर तसाच राहिला, जरा जास्तच वेळ. मग किल्ली खिळ्याला लावून ते खाली मान घालून उतरत गेले. हेच तिला हवं होतं. "थांबा," म्हणत तिने पुन्हा बटण दाबलं, तोच धक्क्यावरून बोटीचा भोंगा वाजला.

बोटीत बाकावर बसल्या बसल्या तिने सगळं पाहायला घेतलं. पहिल्या तुकड्यात रिकामं दार. दुसऱ्यात बाबा चढ चढून येत होते. तिसऱ्यातही चढूनच येत होते. चौथ्यात गवत आणि तिचेच बूट.

सकाळी चौकट लावताना बटण एकदा जास्त दाबलं गेलं होतं. तेव्हापासून प्रत्येक 'चला'ला कॅमेरा बंद पडत होता आणि प्रत्येक 'थांबा'ला सुरू होत होता.

"बाबा, तुमचं निघणं कुठेच नाही. एकदाही नाही. माझ्याच हाताने घालवलं मी."

बाबांनी कॅमेरा मांडीवर घेतला. पडद्यावर ते धापा टाकत वर आले, किल्ली काढली, दार उघडून आत गेले, टोपी खुंटीला लावली.

बोटीमागे बेट निम्मंअधिक धुक्यात गेलं होतं. बाबांनी तिकडे मान वळवली नाही.

"परत लाव," ते म्हणाले.