लाल पुसताना

“बिघडलंय हे कार्टं! साध्या सुजेच्या पेशींना कॅन्सर म्हणतंय,” डॉक्टर खैन्झा संगणकावर करवादल्या. म्बाले गावच्या त्या इस्पितळात गाठींच्या काचपट्ट्या तपासणाऱ्या त्या एकट्याच. मदतीला हे यंत्र. पट्टीच्या फोटोतली पेशी न् पेशी ओळखायची आणि कॅन्सरची वाटली की लाल रंगवायची, एवढंच त्याचं काम. हल्ली दोघांचं पटत नव्हतं. हल्ली जेवायलाही बाईंच्या टेबलावर कुणी बसत नसे. यंत्र आलं आणि माणसं तुटली, असं त्या मनाशी म्हणत.

आजची पट्टी एका तरुण मास्तरणीच्या छातीतल्या गाठीची होती. यंत्राने ती लालेलाल केली होती. बाईंनी सगळं लाल पुसून टाकलं.

“मफाबी, लिही. गाठ साधी आहे. घरी जा आणि पोटभर बांबूच्या कोंबांचा मलेवा खा म्हणावं पोरीला.”

अहवाल लिहिणाऱ्या मफाबीने पेन खाली ठेवलं.

“अरे, लिही की! या डब्याचं ऐकणारेस की माझं?”

“दोन्ही तुमचंच आहे, बाई. एकेक पेशी रंगवून तुम्हीच शिकवलंत त्याला. तुम्ही पुसलेल्या सगळ्या पट्ट्या मी गुपचूप कंपालाच्या मोठ्या डॉक्टरांकडे तपासायला पाठवत होतो. दर वेळी यंत्रच बरोबर निघालं. ते अजून तुमच्या तेव्हाच्या डोळ्यांनी बघतंय. तुम्हाला आता दिसत नाही, बाई.”