पास्कोलभाऊची बक्षिसी

मुंबईचा किनारा दिसू लागला तसा खुशालरावांनी कोटाच्या आतल्या खिशातला लखोटा पाचव्यांदा चाचपून पाहिला. आत दहाच्या चार नोटा होत्या, आणि त्या केबिनीतल्या नोकराच्या, पास्कोलच्या हातात कशा घालाव्यात हे त्यांना अजून सुचलं नव्हतं. तासाभरात बोट धक्क्याला लागणार होती.

नावाचे खुशालराव, पण विलायतेत शिकणाऱ्या मुलाला भेटून निघाल्यापासून या माणसाच्या जिवाला चैन नव्हती. तिकिटाचे पैसे एकदा मोजले की काम झालं, अशी गावी तेल्हाऱ्यात त्यांची समजूत होती. बोटीवर चढल्यावर कळलं, की डेकवरच्या खुर्चीचं भाडं वेगळं, कपडे धुण्याचं वेगळं, बँडवाल्यांची थाळी फिरते ती वेगळी. आणि उतरताना जेवण वाढणाऱ्यापासून न्हाणीत पाणी काढणाऱ्यापर्यंत सगळ्यांना बक्षिसी. जेवून उठल्यावर वाढप्याच्या हातावर पैसे ठेवायचे? वऱ्हाडात कोणी असं केलं, तर त्याला पुन्हा पंगतीला बोलावणार नाहीत.

"काका, या लोकायचा पगार नुसता नावाले असते," शेषरावाने त्यांना सांगितलं होतं. हा अकोल्याचा पोरगा वकिलीची परीक्षा देऊन त्याच बोटीने परतत होता. "घर चालते बक्षिसीवर. पास्कोलच्या तीन पोरी हायेत घरी. त्याले बुडवू नका."

बुडवायचं कोणाच्या मनात होतं? बाकीच्यांचं तर त्यांनी सकाळीच देऊन टाकलं. वाढप्याने घेतलं, न्हाणीवाल्याने घेतलं, सलाम केला आणि गेले. अडलं होतं ते एकट्या पास्कोलपाशी, आणि अडवलं होतं त्यांच्या बायकोने, रुख्मिणीबाईंनी.

निघाल्यावर तिसऱ्याच दिवशी समुद्र खवळला होता. रुख्मिणीबाई आडव्या झाल्या त्या पाच दिवस उठल्या नाहीत. केबिनीचं काम पाहणाऱ्या या गोव्याच्या माणसाने त्यांच्या ओकाऱ्यांपुढे तस्त धरलं, ते धुतलं, खलाशांच्या चुलीवरून तांदळाची पेज आणून पाजली. खुशालराव तेव्हा शेजारच्या बिछान्यावर देवाचा धावा करत पडले होते. बरं वाटल्यावर बाईंनी पहिली हाक मारली ती "पास्कोलभाऊ" अशी, आणि त्या दिवसापासून तो त्यांचा भाऊच झाला.

आता लखोटा दिसताच त्या कडाडल्या. "हे काय करून राहिले तुमी? भावाले मजुरी देता?"

"अवं, मजुरी नाई. हितली रीतच हाये तशी."

"असंन. त्यायची रीत त्यायच्यापाशी. माह्या भावाले पैशे दाखवसान, त मी हितूनच पान्यात उडी टाकीन."

"त्याच्या पोरी काय खातीन मंग?"

"तुमाले भाऊ-बहीन काय समजते? तुमी कापसाचा भाव पाहा."

खुशालरावांनी लखोटा परत खिशात सारला. अकोल्याच्या बाजारात कितीही मोठा व्यापारी समोर असो, त्यांची जीभ कधी अडली नव्हती. इथे मात्र चाळीस रुपये खिशाबाहेर काढणं जमेना. त्या माणसाचे कष्ट आपण फुकट घेतले असं होईल, हा विचार त्यांना सोसवेना.

दारावर टकटक झाली आणि पास्कोल आत आला. त्याने दोन्ही ट्रंका उचलून बाहेर नेऊन ठेवल्या, वळकटी नेली, रुख्मिणीबाईंचा पितळी तांब्या कापडात गुंडाळून पिशवीत घातला. उचलायचं काही उरलं नाही, तरी तो दारात उभाच राहिला. शेजारच्या केबिनीतून साहेबाची हाक आली. तो हलला नाही.

खुशालरावांनी खिशावर हात ठेवला. बिचारा वाट पाहतोय.

"तू होय पुढं," ते बायकोला म्हणाले. "शेषराव वर उभा हाये. मी आलोच."

"दोघं संगंच जाऊ," रुख्मिणीबाई म्हणाल्या आणि जागच्या उठल्या नाहीत.

पास्कोल एक पाऊल आत आला. पांढऱ्या डगल्याच्या खिशातून त्याने एक धुतलेला रुमाल काढला, गाठ सोडली आणि त्यातले दोन रुपये रुख्मिणीबाईंपुढे धरले.

"बाय, हें तुका," तो म्हणाला. "चोळयेक."

बाईंनी दोन्ही हातांनी ते चोळीचे रुपये घेतले, डोळ्यांना लावले आणि ढसाढसा रडल्या. "जपून राहाजो, भाऊ," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. पास्कोल मान खाली घालून बाहेर पडला.

खुशालराव त्याच्यामागे धावलेच. बोळाच्या टोकाला जिन्यापाशी त्यांनी त्याला गाठलं आणि लखोटा त्याच्या हातात कोंबला. पास्कोलने तो उघडला नाही, पण आतल्या नोटा त्याच्या बोटांना कळल्या असाव्यात. मग त्याने तो खुशालरावांच्या खिशात नीट घालून ठेवला.

"नाका, भावोजी. भयणीच्या घरचें पाणी सुद्धां घेवंक जायना."

आणि साहेबाची ट्रंक खांद्यावर घेऊन तो जिना चढून गेला.

खुशालराव केबिनीत परतले तेव्हा रुख्मिणीबाई ते दोन रुपये पदराच्या टोकाला बांधत होत्या. गाठ दोनदा ओढून त्यांनी वर पाहिलं. चेहरा नुसता फुलला होता.

"पाहा," त्या म्हणाल्या, "उगाच इक्कीस दिवस जिवाले घोर लावून घेतला तुमी. भावापायी लागला काय एक पैसा?"